गाडीची कनवट

मिरजेच्या गॅरेजात बॅटरीची वायर सोडली होती, आणि इनामदारसाहेबांची हायब्रीड गाडी लॉक होऊन बसली. रिमोट मुका. साहेबांच्या भाषणाचा कागद गाडीत, सभा अर्ध्या तासावर.

गॅरेजातले म्हातारे मिस्त्री दस्तगीरचाचा पुढे झाले, तसे साहेब खेकसले, "चाचा, ही तुमची फियाट नव्हे. किल्ल्यांचा जमाना गेला!"

चाचांनी रिमोटचा खटका दाबून त्याच्या पोटातली बारीक किल्ली ओढली, हँडलवरची टोपी उचकटली आणि आतल्या भोकात ती फिरवली. दार उघडलं. चाचांना बायको आठवली. तीही घराची किल्ली अशीच कनवटीला खोचायची.

साहेबांनी कागद काढला. मथळा होता, 'जुनं टाका, नवं धरा.'

चाचा हसले. "खुशाल वाचा साहेब, फक्त गाडीला ऐकवू नका. तिनं जुनं जपलं, म्हणून भाषण हाती आलं."