निसर्गवाटेला वळण पडलं

भिवाच्या घरी चूल एक वेळच पेटायची. ताई तापानं गेल्यापासून चुलीपुढं त्याच्याशी हसायलाही कुणी नव्हतं.

शाळेमागच्या माळावर ताईनं ताम्हणाचं इवलंसं रोप लावलं होतं. आता तिथूनच निसर्गवाट जाणार होती. झाडाझाडाला पाटी, कडेला रंगीत दगड! पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ पडलीसुद्धा.

"उद्या मुरूम येईल. वाळकी रोपं सकाळीच उपटा रे," कानडेबाई म्हणाल्या.

ताईच्या रोपाची तर काडी झाली होती! उजाडताच भिवा पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

रोपाशेजारी कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. चिमुकली परी! जांभळे पंख, सोनसळी केस, पायांत दवाचे पैंजण. भिवानं हलक्या बोटांनी तिला सोडवलं.

"एक मागणं माग, राजा."

"ताई दे!"

परीचे डोळे भरले. "गेलेलं माणूस मागायचं नाही, हा नियम. आणि माझ्या पैंजणांतलं दव सुकलं, की मागणं सरलं."

"मग काय कामाची तू?" भिवानं पाय आपटला. "बरं, हे रोप..."

तेवढ्यात टिटवी ओरडत अंगावर आली. भिवानं खाली पाहिलं. फक्कीच्या रेघेवरच, खड्यांत, ठिपक्यांची अंडी!

"उचलून पलीकडे ठेवतो!"

"नको रे. मग आई त्यांना शोधतच राहील."

पैंजण सुकत चालले होते. भिवानं काडीकडे पाहिलं, अंड्यांकडे पाहिलं. टिटवी केविलवाणी ओरडत होती.

"वाट वळव," तो म्हणाला, आणि रडू लागला.

फक्कीची रेघ सळसळली आणि अंड्यांना लांबून वळसा घालून गेली.

शाळेची मुलं आली. "रेघेला चक्कर आली वाटतं!" चंदर खिदळला.

बाईंनी अंडी पाहिली. "राहू दे. वाट अशीच जाईल."

"आणि ही काडी?" चंदरनं रोप मुठीत धरलं.

भिवानं डोळे गच्च मिटले. कानाशी कुणीतरी किणकिणलं, "मागितलेलं देणं हा माझा नियम. न मागितलेलं देणं ही माझी हौस!" जांभळा-सोनेरी उजेड लखलखला आणि परी त्यातच विरून गेली.

"बाई! हिला पालवी फुटलीय!" चंदरनं चटकन मूठ सोडली.

"अगंबाई! कुणी रे लावलं हे? पाटीवर नाव लिहू त्याचं."

ताई गेल्यापासून ते नाव घरात कुणी घेतलं नव्हतं.

"सुंदरी," भिवा म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, "सुंदरी!"