तिसरीच्या वर्गाची भिंत

एके काळी एका कापूस-व्यापाऱ्याचं विटांचं भक्कम घर होतं. पुढे त्या घरात शाळा भरू लागली. घराची उत्तरेकडची भिंत हातभर जाड आणि अखंड होती. त्याचा तिला फार अभिमान होता.

एके दिवशी शाळेच्या लीलावतीबाई गवंड्याला म्हणाल्या, "हुसेनभाई, इथं तिसरीचा वर्ग बसतो. अंधारात मुलांना पाटीवरचं दिसत नाही. या भिंतीला खिडकी पाडून द्या."

भिंत घाबरली. शेजारच्या दारावरच्या कमानीला ती म्हणाली, "मला भगदाड पाडलं तर मी कोसळेन."

"माझ्याखाली तर सगळं मोकळंच आहे," कमान म्हणाली. "माझ्या विटा एकमेकींना रेटून धरतात, म्हणून वरचा मजला उभा आहे. तुझ्या विटांनाही ते जमेल."

हुसेनभाईंनी भिंतीतून काढलेल्याच विटा तासून खिडकीवर कमान बांधली. आधाराच्या फळ्या निघाल्या, तसा सगळा भार कमानीवर आला. भिंतीने तो पेलला. उजेड थेट पाट्यांवर पडला आणि मुलं मोठ्याने वाचू लागली.

पुढे नव्या खोलीसाठी विटा आल्या. त्यांनी भिंतीला विचारलं, "तुम्ही त्या व्यापाऱ्याच्या घराची भिंत ना?"

"मी तिसरीच्या वर्गाची भिंत," ती म्हणाली.