राणी ‘येते’ म्हणाली

एका राज्यात धरणीधर नावाचा राजा होता. एकदा भर दरबारात तो म्हणाला, “माणसाचा स्वभाव? एका शब्दात सांगतो. लोभी!” तिथे एक मांत्रिक होता, निरिच्छ. त्याला ते लागलं. “ज्याची ओळख एका शब्दात संपली, तो दगड,” असं म्हणून तो दाराशी जपाला बसला. राजा गुडघ्यापर्यंत दगड झाला. मांत्रिकाची साळुंकी राजाच्या खांद्यावर येऊन म्हणाली, “राणीसाहेब, माणूस कसा असतो, ते सगळ्यांना लागू पडेल असं सांगा, म्हणजे राजा सुटेल. संधी तीन. चुकलात की दगड वर चढेल.”

राणी कुंदावती मोठी नेमाची. तुळशीला पाणी घातलं, देवाचं नाव घेतलं, नगरात निघाली. पाणवठ्यावर दोघी जावा भांडत होत्या. थोरली कडाडली, “तुझं तोंड पुन्हा बघणार नाही! येते!” आणि घागर घेऊन तरातरा गेली.

राणी परतून म्हणाली, “माणूस भांडखोर.”

“अन् तुमची फुलं आणणारी गोदा?” साळुंकीने विचारलं. “तिने कधी कुणाला अरे म्हटलंय?”

दगड कमरेला आला.

दुसऱ्या दिवशी तीच थोरली धाकटीच्या दारात विरजण घेऊन उभी. राणीला गहिवरून आलं. “माणूस मायाळू.”

“आज तुमच्या आचाऱ्याने मांजराला पळी फेकून मारली, ती मायेने?”

दगड गळ्याला आला. “अगं, आचाऱ्याचं निदान मला तरी विचारायचंस!” राजा कण्हला.

तिसऱ्या दिवशी राणी पुष्कळ हिंडली. शब्द काही सापडेना. हात जोडून म्हणाली, “नाही सांगता येत. आणखी बघावं लागेल.”

“बघा. पण सूर्य मावळेपर्यंतच,” साळुंकी म्हणाली.

राणीने डोळे पुसले, उंबरठ्यावर वळून सवयीने म्हणाली, “येते हं.” आणि थबकली. एवढी भांडली ती थोरली, पण ‘जाते’ नाही म्हणाली. आणि आलीही, विरजण घेऊन.

“साळुंके,” राणी सावकाश म्हणाली, “आज दिसला तेवढाच माणूस नसतो. उरलेला अजून यायचा असतो. हे सगळ्यांना लागू.”

साळुंकीने मान वाकडी केली. “आचाऱ्यालाही?”

“आचाऱ्यालाही.”

“अन् महाराजांना?”

राणी हसली. “त्यांना तर फारच!”

गळा सुटला, कंबर सुटली, गुडघे सुटले. राजाने पहिलं पाऊल टाकलं ते मांत्रिकाकडे. “चुकलो,” म्हणाला. मांत्रिकाने आशीर्वाद दिला, साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, “येतो.”

“या,” राजा म्हणाला.

जसा राजाच्या अंगावरचा दगड उतरला, तसा तुमच्या-आमच्या मनावरचा उतरो.