बांगड्यांचा म्होरक्या

एकदा एका किनाऱ्यावर एक वृद्ध तांडेल राहत असे. गावाची रापण त्याच्या शब्दावर चाले. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून भलेमोठे जाळे टाकायचे आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून साऱ्या गावाने मिळून ओढायच्या, ही रापण. तिचा नियम जुना होता. जो दोरीला हात लावेल, त्याला मासळीचा वाटा मिळेल. मग तो धडधाकट गडी असो, विधवा बाई असो, की एका पायाने अधू झालेला म्हातारा.

तांडेलाचे डोळे मंद होत चालले होते. खडकावर उभे राहून, पाण्याचा बदललेला रंग पाहून, मासळीचा थवा ओळखायचा आणि हातातला लाल शेला हलवून होडीला इशारा द्यायचा, हे त्याचे काम. तो शेला आता कोणाला तरी सोपवायला हवा होता. तीन हंगाम त्याच्या हाताखाली शिकलेला रोहिदास हुशार होता, मेहनती होता, आणि शेला आपल्यालाच मिळणार याविषयी त्याला शंका नव्हती.

घाई असण्याचे कारणही होते. बर्फाच्या कारखान्याचा मालक असलेला एक व्यापारी यांत्रिक बोटी घेऊन बंदरात आला होता. तो गावाला एकत्र कधी बोलावत नसे. एकेकाला गाठायचा, चहा पाजायचा आणि म्हणायचा, की तुझ्यासारख्या गड्याने लंगड्यापांगळ्यांचे ओझे का वाहावे? बत्तीस घरांतली दहा माणसे जरी त्याच्याकडे गेली असती, तरी जाळे ओढायला हात पुरले नसते. रापण मोडली असती, आणि ज्यांना बोटीवर कोणी घेणार नव्हते त्यांची चूल विझली असती.

रोहिदासाला वाटे, गावात शिस्त नाही म्हणून हे संकट आले. एके दिवशी त्याने गुरूला विचारले, “आबा, हजारो बांगडे एका क्षणात वळतात. त्यांना हुकूम कोण देतो?”

“आठ दिवस खडकावर बस,” तांडेल म्हणाला. “म्होरक्या सापडला तर मला दाखव. मीही आयुष्यभर शोधतोय.”

रोहिदास बसला. त्याने पाहिले ते खरेच अद्भुत होते. एक सुरमई बाणासारखी थव्यात घुसली. थवा मधोमध फाटला, तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला आणि तिच्या मागे पुन्हा सांधला गेला. सुरमई रिकाम्या तोंडाने पुढे निघून गेली. एकही बांगडा दुसऱ्यावर आपटला नाही. रोहिदासाने परत येऊन गुरूला सांगितले, की जो सर्वांत पुढे असतो तो म्होरक्या, आणि बाकीचे त्याच्या मागे. शिकलेल्या माणसाला कळप दिसला की त्याला आधी मेंढपाळ आठवतो. सामान्य माणसे मेंढरे आहेत, हा समज ज्याने प्रथम पसरवला त्याच्या हातात काठी असणार, यात मला तरी शंका नाही.

रोहिदासाने तालुक्याच्या गावी जाऊन पत्र्याचा एक कर्णा करवून आणला. तांडेलाने त्याला दोन रापणी स्वतंत्रपणे चालवू दिल्या. पहिल्याच दिवशी त्याने दोन्ही रांगांतून म्हातारी आणि अधू माणसे बाजूला काढली. त्यांचा वाटा त्यांना मिळेल, पण त्यांनी दोरीला हात लावू नये, असे त्याने जाहीर केले. सत्यभामा नावाची एक विधवा बाई चाळीस वर्षे दोरी ओढत आली होती. ती म्हणाली, “वाटा घरी आणून देणार? मग आम्ही भिकारीच झालो की रे.” त्याने ऐकले नाही. खडकावर उभा राहून तो कर्ण्यातून ओरडू लागला. उजवीकडचे जोरात, डावीकडचे हळू, आता थांबा, आता ओढा. हुकूम कानात शिरून हातापर्यंत पोहोचेतोवर जाळे तिरके झालेले असे. एका बाजूचा तळ उचलला गेला आणि थवा त्या फटीतून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो अधिक मोठ्याने ओरडला. जाळ्यात शेवाळ आणि चार खेकडे आले.

व्यापारी वाळूत उभा राहून हे पाहत होता. जाताना तो एवढेच बोलला, की सोमवारी बोटी सुटतील, ज्याला यायचे त्याने एकट्याने येऊन भेटावे. त्या संध्याकाळी दहाबारा घरांत कुजबुज सुरू झाली.

रविवारी सकाळी पाण्यावर काळसर डाग दिसला. तांडेल स्वतः खडकावर चढला. त्याने शेला हलवला, होडी जाळे टाकून परतली, आणि दोन्ही दोऱ्या किनाऱ्याला लागल्या. मग त्याने जे केले, त्याने सारा गाव चक्रावला. काढून टाकलेल्या सगळ्यांना त्याने पुन्हा दोरीवर उभे केले. रोहिदासाला खाली बोलावून सत्यभामा आणि पायाने अधू असलेला धाकू यांच्यामध्ये जागा दिली. आणि आपला लाल शेला उलगडून त्याने शिष्याचे डोळे घट्ट बांधले.

“आबा, ही थट्टा आहे का? आजची रापण गेली तर उद्या गाव फुटेल.”

“म्हणूनच,” तांडेल म्हणाला, आणि समुद्राकडे पाठ करून वाळूत बसला. त्याने एक शब्दही पुढे उच्चारला नाही.

रोहिदास संतापाने ओढू लागला. त्याचा हात सत्यभामेच्या कोपरावर आदळला. “मासे समुद्रात आहेत रे,” ती म्हणाली, “माझ्या कोपरात शोधू नकोस.” रांगेत हशा पिकला. त्याने मुकाट्याने हात आवरला. अंधारात आता त्याच्यापाशी फक्त दोरी होती. हळूहळू त्याला जाणवू लागले, की दोरी बोलते आहे. समोरून सत्यभामेच्या हातातला ताण किंचित सैलावला, की त्याचा अर्थ डावी बाजू पुढे गेली, आपण भर घालायची. मागून धाकूने दोरी धरून ठेवली, की तळ उचलला जातोय, आता दम धरायचा. धाकूच्या पायात बळ नव्हते. पण पन्नास वर्षांत त्याच्या तळव्यांना जाळ्याचा तळ कळू लागला होता, आणि तो थबकला की रांग त्याच्याबरोबर थबकत होती. रोहिदासाने किती वेळ ओढले हे त्याला सांगता आले नसते. गुडघ्यांना पाणी लागले, मग चांदीसारखी तडफड पायांवर आली, आणि बायकांचा गलका झाला. त्याने शेला सोडला. जाळ्याच्या पोटात बांगड्यांचा ढीग उसळत होता.

तो तांडेलासमोर जाऊन बसला. “आज हुकूम कोणी दिला?” त्याने विचारले. त्याच्या आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

तांडेलाने एक बांगडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या बारीक रेघेवरून त्याने शिष्याचे बोट फिरवले.

“ही त्याची दोरी. शेजारचा हलला की पाणी हलतं, ते इथे लागतं. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी तो थव्यात राहू शकतो. सगळ्या थव्याकडे कोणीच बघत नाही रे. जो तो आपल्या आजूबाजूच्या चारपाच जणांचं भान ठेवतो, तेवढ्यात हजारो वळतात. तू म्हणालास, पुढचा तो म्होरक्या. मग थवा उलटा फिरला तेव्हा तुझा म्होरक्या कुठे गेला? शेवटी गेला. कडेला असतो तो मघाशी आत होता, पुन्हा आत जाईल. आणि सुरमई आली हे आधी कोणाला कळतं? कडेच्याला. तू कडेचेच काढून टाकलेस, आणि उरलेल्यांच्या कानात एवढा ओरडलास, की त्यांना शेजारी कळेनासा झाला.”

“मग तांडेल कशाला हवा?”

“थवा कुठे आहे ते सांगायला. एकदा सांगितलं की त्याने गप्प बसावं. मला हे शिकायला वीस वर्षं लागली.”

सोमवारी व्यापारी आला. वाळूत सारा गाव जाळे शिवत बसला होता. त्याने दुरून एका तरुणाला नावाने हाक मारली आणि बाजूला येण्याची खूण केली. तो तरुण उठला. त्याच्या शेजारचे दोघे उठले, त्यांच्या शेजारची बाई उठली, काठी टेकत धाकू उठला, आणि कोणी काही न बोलता दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. व्यापारी एका चेहऱ्याकडे पाहायचा, तोवर त्याची नजर दुसऱ्यावर जायची, मग तिसऱ्यावर. कोणाशी बोलावे हेच त्याला ठरवता येईना. शेवटी तो गर्दीच्या कडेने निघून गेला.

खडकावरून रोहिदास ते पाहत होता. ती सुरमई त्याच्या डोळ्यांसमोर आली, रिकाम्या तोंडाची. तांडेलाने परत न घेतलेला लाल शेला त्याने खांद्यावर सारखा केला, खाली उतरला आणि सत्यभामा व धाकू यांच्यामधल्या आपल्या जागी जाऊन जाळे हातात घेतले. पत्र्याचा कर्णा सत्यभामेने केव्हाच घरी नेला होता. बाटलीत रॉकेल ओतायला नरसाळे म्हणून तो उत्तम चालला.

ज्यांच्या हातात आज कर्णे आहेत, त्यांनी ते क्षणभर खाली ठेवावेत आणि आपला हात दोरीवर आहे का, हे पाहावे.