मारवेलाची राखण

ज्यांच्या चरणी तिन्ही लोक लीन होतात, ते केशवनाथ महाराज खडकमाळला मुक्कामी होते. त्या सकाळी चरणाशी एकच जीव लीन होता, तान्हूबाईची गाय. तीही महाराजांच्या अंथरुणातलं गवत ओढून खात होती.

“चुकलं, महाराज!” तान्हूबाई रडकुंडीला आली. “गाभण हाय वो. डोंगराला नुसती कुसळी उरलीय, तोंडाला टोचतीय तिच्या.”

“मग तिचं काय चुकलं?” महाराज म्हणाले. “हा मारवेल आहे, गोड गवत. तुझ्या उतारावर त्याचे ठोंब अजून जिवंत आहेत. तो उतार देवाचा समज. बी गळेपर्यंत तिथे एक जनावर फिरकू देऊ नकोस.”

तान्हूबाईनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गायीला बांधावरचा पाला घालून पावसाळाभर राखण केली. संभूराव पाटील येता-जाता हसत. त्यांच्या खळ्यात कडब्याची टोलेजंग गंजी होती.

“काय तान्हे, देव गवत खायला लागला व्हय? रवंथ करतोय का बघ!”

कार्तिकात मारवेल कमरेला लागला, बी गळालं. उद्या विळा लावायचा, तर आज पाटलांनी आपल्या उतारावरची कुसळी पेटवली. जाळलं की हिरवं फुटतं, ही गावाची समजूत. वारा उठला आणि वणवा थेट तान्हूबाईच्या कुंपणाकडे धावला. गायीचं वर्षभराचं पोट त्या गवतात होतं!

महाराज कुंपणापाशी येऊन आगीसमोर मांडी घालून बसले.

“महाराज, उठा, भाजाल!”

“अगं, देवाची राखण तू इतके दिवस केलीस. आता घटकाभर त्यानं करावी.”

काय ती करुणा! वारा जागच्या जागी फिरला. कुंपणाचा एक काटा जळाला नाही. वणवा मात्र उतरला तो पाटलांच्या खळ्यात. कडब्याची राख झाली.

दुसऱ्या दिवशी पाटील दारात उभे. “तान्हूबाई, बैल उपाशी हायेत.”

“न्या की. गुरं कुठं हसली हुती मला?”

ती देत गेली, आणि कापलेलं गवत पावसापर्यंत सरलं नाही. गाय व्याली, चरवी भरून वाहिली. पहिलं दूध तान्हूबाईनं मारवेलाच्या ठोंबावर ओतलं.

पाटलांनी महाराजांच्या चरणी लोटांगण घातलं. “मी उतलो, मातलो. आज्ञा करा, महाराज!”

आज्ञा ऐकायला गाव पुढं सरकलं.

“एक पेंढी मिळेल का?” महाराज म्हणाले. “गायीनं अंथरूण खाल्ल्यापासून पाठीला दगड टोचतात.”