सात डोंगरांची पायवाट आणि एक कोनशिला

कुठल्या रानात ते विचारू नका, पण एका रानात एक पायवाट होती. पूर्वेच्या पाणवठ्यापासून सात डोंगर ओलांडून ती पश्चिमेच्या तळ्याला जायची. ती कुणी बांधली नव्हती; सगळ्यांच्या पायांनी पडली होती. ज्याच्या डोंगरावरून ती जायची, त्याने आपला तुकडा साफ ठेवायचा, एवढाच कायदा. उन्हाळ्यात पाणवठा आटला की सगळं रान त्या वाटेने तळ्यावर जायचं. जाता जाता सोयरिकी जुळायच्या, भांडणं मिटायची.

तिसऱ्या डोंगराची वाट सुंद्राक्का नावाची म्हातारी साळिंदर राखायची.

एकदा राजा धुळाजी गवा सभेत गरजला, "बंधूंनो, ही वाट कुणाच्या मालकीची?"

"कुणाचीच नाही," प्राणी म्हणाले.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही बेवारस वाटेवरून चालत होता! हा तुमचा अपमान आहे!"

आपला अपमान झालेला ऐकून प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाट विकासासाठी बंद झाली. तिसऱ्या डोंगरावर काटेरी कुंपण उभं राहिलं आणि आत राजाचं फिरण्याचं उद्यान झालं. राजा रोज सकाळी तिथे वीस पावलं चालायचा. पोपट दिवसभर ओरडायचे, "महाराज चालले! स्वतःच्या पायांनी चालले!"

चैत्रात पाणवठा आटला. कुंपणाशी कळप साचले. दोन म्हाताऱ्या भेकरांनी तिथेच मान टाकली. सुंद्राक्का तडक दरबारात गेली.

"वाट सोडा. पोरंबाळं तहानेनं मरायला लागलीत."

प्रधान हुमणे तरस हसला. "आजी, वाट बंद नाही. तिचा विकास चालू आहे. पर्यायी मार्ग दिलाय की."

"तो कडा आहे. तिथून माकडंसुद्धा जपून उतरतात."

"मग सरकारने काय माकडांचा विचार करायचा नाही?"

"आणि पाणी?"

"पाणी दुसऱ्या टप्प्यात."

सुंद्राक्काला इतका संताप आला की तिचे काटे ताठ उभे राहिले. दोन पहारेकरी मागे सरले, ती मात्र वळून निघाली. भर दुपारी कुंपणापाशी जाऊन तिने पहिला खांब कुरतडायला घेतला. दात दुखले, हिरड्यांतून रक्त आलं, पण ती थांबली नाही. चौथा खांब पडला तेव्हा रानडुकरांना लाज वाटली आणि त्यांनी उरलेलं कुंपण मुसंडी मारून पाडलं. संध्याकाळपर्यंत सगळं रान तळ्यावर पोचलं.

सुंद्राक्का मागे राहिली. एवढं चालायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. शिपायांनी तिला तिथेच पकडलं. गुन्हा होता, वाटेवर अतिक्रमण.

पावसाळ्यात निवडणूक लागली. कळप परतले तेव्हा तिसऱ्या डोंगरावर कोनशिला उभी होती. "ही पायवाट महाराजांनी जनतेसाठी खुली केली." खाली हुमण्याचंही नाव होतं. तळ्याचं पाणी पिऊन तरतरीत झालेल्या गळ्यांनी प्राण्यांनी जयजयकार केला. राजा एकमताने निवडून आला. सुंद्राक्काचं मत कोठडीत असल्यामुळे मोजलं गेलं नाही.

तिच्यावरचा खटला अजून चालू आहे. कायदा स्वतःच्या पायांनी चालतो, असं पोपट रोज सांगतात. तो कुणाच्या अंगावर चालतो, हे सांगायला त्यांना वेळ मिळत नाही.