फळीवरची शेगडी

चुलींना वाचा होती तेव्हाची गोष्ट. धुरानं जयतूबाईचे डोळे जायला आले होते. तिची चूल गावच्या समितीला म्हणाली, "मला पत्र्याचं धुराडं बसवा, निम्मा धूर जाईल."

"निम्मा? आम्हाला अव्वल हवं!" म्हणत समितीनं महागडी, बिनधुराची शेगडी आणली आणि फोटो काढून ती निघून गेली.

जयतूबाईनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि ती फळीवर ठेवली. "एवढी किमती वस्तू रोज कशी पेटवायची? पाहुणे आले की बघू."

"माझा धूर शून्य!" शेगडी वरून म्हणाली.

"खरंय बये," चूल खालून म्हणाली, "न पेटता कुणाचा धूर निघतो?"

जयतूबाई डोळे चोळत उठली आणि शेगडीवर साचलेली काजळी पदरानं पुसू लागली.